काठ कुणाचा? वसंत ऋतू, लाकडी धक्का आणि तव्यावरच्या माशाचा इतिहास

१/
‘धक्का’ म्हटले की मराठी माणसाला भाऊचा धक्का आठवतो: बोटी, बर्फ, टोपल्या आणि पहाटेचा लिलाव. आज ज्या धक्क्याकडे जायचे आहे तो त्याच्यापुढे अगदीच किरकोळ आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातील एखादा गोड्या पाण्याचा जलाशय, त्यात पंधरा-वीस पावले आत गेलेली फळ्यांची वाट, एप्रिलचे कोवळे ऊन आणि टोकाशी पाय सोडून बसलेले कुणीतरी. हातात बांबूची काठी, काठीला दोरा, दोऱ्याला गळ, गळाला गांडूळ.

दृश्य इतके साधे आहे की त्याला इतिहास असेल अशी शंकाही येऊ नये. पण या माणसाला या ऋतूत, या काठावर, या माशासाठी निर्धास्त बसता येणे ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. तिच्यामागे एक महामंदी आहे, बुडालेली गावे आहेत, एक बदललेला कायदा आहे आणि वर्णभेदाची एक लांब सावली आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
प्रथम माशाची ओळख. अमेरिकेत या माशांना ‘पॅनफिश’ म्हणतात, म्हणजे तव्यात अख्खा मावणारा मासा. हे नाव शास्त्रज्ञाने दिलेले नाही, चुलीने दिलेले आहे. ब्लूगिल, क्रॅपी, रेडइअर, यलो पर्च असे अनेक मासे या एका नावाखाली येतात. त्यांतील ब्लूगिल आणि क्रॅपी हे ‘सनफिश’ कुळातले. हे कुळ मूळचे केवळ उत्तर अमेरिकेचे.

ब्लूगिल साधारण तळहाताएवढा, चपटा, कल्ल्यामागे काळा ठिपका असलेला. खवले काढायचे, पोट साफ करायचे, मक्याच्या पिठात घोळवून गरम चरबीत तळायचे. एका माशाने कुणाचे पोट भरत नाही. पण काठावर बसून सकाळभरात वीस मिळाले, तर घरादाराचे जेवण होते. या माशाचा सारा सामाजिक इतिहास या हिशेबात दडलेला आहे.

३/
शास्त्राच्या वहीत हे मासे कसे आले याची कथा मोठी गमतीची आहे. १८१८ मध्ये कॉन्स्टंटाइन राफिनेस्क नावाचा विक्षिप्त निसर्गाभ्यासक ओहायो नदीने प्रवास करत होता. वाटेत केंटकीतील हेंडरसन येथे तो पक्ष्यांचा विख्यात चित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉन याच्या घरी उतरला. ऑडुबॉनने थट्टेखातर त्याला काही काल्पनिक माशांची वर्णने ऐकवली. त्यांतल्या एकाच्या खवल्यांवरून म्हणे बंदुकीची गोळीही घसरत असे! राफिनेस्कने ती खरी मानली आणि १८२० च्या आपल्या ग्रंथात ते मासे छापून टाकले.

परंतु याच भोळ्या माणसाने पांढऱ्या क्रॅपीचे (१८१८) आणि ब्लूगिलचे (१८१९) पहिले शास्त्रीय वर्णनही केले, आणि ती दोन्ही नावे आजतागायत टिकून आहेत. लोकांनी मात्र शास्त्राची वाट पाहिली नव्हती. दक्षिणेत ब्लूगिलला ‘ब्रिम’ म्हणतात. लुईझियानातील फ्रेंच भाषकांनी क्रॅपीला ‘साकाले’, म्हणजे दुधाची पिशवी, असे नाव दिले.

४/
आता ऋतूचा प्रश्न. वसंतच का?

हिवाळ्यात हे मासे खोल पाण्यात सुस्त असतात. वसंतात उथळ पाणी आधी तापते. पाणी साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअसला आले की क्रॅपी काठाकडे सरकतात. २० अंशांच्या आसपास ब्लूगिलची वीण सुरू होते. ब्लूगिलचा नर शेपटीने तळाची वाळू झाडून ताटलीसारखा खोलगट खड्डा करतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर तेथून हलत नाही, परांनी पाणी खेळते ठेवतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. अशी घरटी एकमेकांना लागून डझनांनी असतात. वरून पाहिले तर तळ मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो.

म्हणजे वर्षातले काही आठवडे असे येतात की मासा स्वतः माणसाच्या काठाशी येतो. त्या आठवड्यांत नाव लागत नाही, यंत्र लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही.

५/
धक्क्याचे महत्त्वही येथेच आहे. धक्क्याखाली सावली असते. पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर शेवाळ चढते, शेवाळाला किडे येतात, किड्यांमागे लहान मासे येतात आणि त्यांच्यामागे क्रॅपी. बुडालेले झाड, फांद्या, खांब ही क्रॅपीची आवडती जागा. म्हणूनच लोक धक्क्याजवळ मुद्दाम झाडाच्या फांद्या बुडवून ठेवतात.

दक्षिणेकडील ग्रामीण भागात एक खूणगाठ पिढ्यानपिढ्या चालत आली आहे: डॉगवुडच्या झाडाला पांढरी फुले आली की क्रॅपी काठाला आले. आपल्याकडे पावशा ओरडला की शेतकरी आभाळाकडे पाहतो, तसेच हे. दिनदर्शिका नव्हे, झाड पाहून गळ काढायचा.

६/
साहित्य किती स्वस्त, तेही पाहण्याजोगे आहे. आग्नेय अमेरिकेत नदीकाठी बांबूची एक देशी जात उगवते. त्यांची काठी तोडायची, वाळवायची, टोकाला दोरा बांधायचा. बुचाचा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवायचा आणि तो बुडाला की काठी उचलायची. चाक नाही, यंत्रणा नाही.

गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरील आफ्रिकन-अमेरिकन माणसांना मालकाकडून मिळणारा शिधा अपुरा असे. दिवसभराच्या कामानंतर, बहुधा रात्री, नदीवर धरलेला मासा हा त्या अपुऱ्या ताटातला एक आधार होता. या माणसांच्या नंतर नोंदवलेल्या आठवणींत मासेमारी पुन्हा पुन्हा येते. त्यांच्या वस्त्यांच्या उत्खननांतही माशांची हाडे सापडली आहेत. ज्या माणसाच्या स्वतःच्या देहावर त्याचा हक्क नव्हता, त्याच्या दिवसातला एखादा तास तरी त्या काठावर त्याचा स्वतःचा होता.

७/
१८६५ मध्ये गुलामगिरी संपली. जमीन मात्र पूर्वीच्याच हातांत राहिली. मुक्त झालेली असंख्य कुटुंबे वाट्याने शेती करू लागली आणि कर्जात अडकली. पूर्वी मोकळी समजली जाणारी राने, कुरणे आणि पाणवठे पुढील दशकांत कुंपणांनी व कायद्यांनी बंद होत गेले.

काही इतिहासकार यामागील अर्थकारणाकडे लक्ष वेधतात. जो माणूस रानातून शिकार आणि ओढ्यातून मासा आणू शकतो, तो पडेल त्या मजुरीवर राबायला तयार होत नाही. म्हणून काठ बंद करणे हे केवळ मालमत्तेचे रक्षण नव्हते, तर मजूर हाताशी ठेवण्याचा तो एक उपायही होता. मासा तळहाताएवढाच होता, पण त्याच्यामुळे मिळणारे स्वातंत्र्य मालकांच्या डोळ्यांत सलण्याइतके मोठे होते.

८/
याच काळात समाजाच्या दुसऱ्या टोकाला मासेमारीला ‘खेळा’ची प्रतिष्ठा मिळत होती. शहरी, सुस्थित लोकांचे क्लब निघाले. ट्राउट आणि सॅमन हे मानाचे मासे ठरले. १८८१ मध्ये जेम्स हेन्शल या डॉक्टरने बास माशावर एक ग्रंथ लिहून त्यालाही त्या पंक्तीत बसवले. ब्लूगिल आणि क्रॅपी मात्र मुलांसाठी, बायकांसाठी आणि गरिबांसाठी राहिले. माशांचीही अशी एक उतरंड तयार झाली, आणि ती माणसांच्या उतरंडीशी बरीचशी जुळत होती.

९/
या मंडळींनी संवर्धनाचे खरे काम केले, हे नाकारता येत नाही. बेसुमार मासेमारी आणि नद्यांचे प्रदूषण यांविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. त्यांच्या आग्रहाने अनेक राज्यांत विणीच्या हंगामात मासेमारीला बंदी आली. तर्क सरळ होता: अंडी घालणाऱ्या माशाला धरले तर पुढची पिढी येणार कोठून?

आपल्याला हा तर्क पटतो, कारण आपल्याकडे पावसाळ्यातील मासेमारीबंदी त्याच विचारावर उभी आहे. पण गोड्या पाण्यातील बंदी मुख्यतः बाससारख्या मानाच्या माशांचा विचार करून आखलेली होती. नाव असणारा माणूस उन्हाळ्यात खोल पाण्यात जाऊ शकत होता. काठावर बसणाऱ्याचे खरे दिवस मात्र वसंतातलेच. हेतू निर्मळ असला तरी नियमाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नव्हता.

१०/
मग आली १९२९ नंतरची महामंदी. टेनेसी नदीचे खोरे तर आधीपासूनच गरीब होते: धुपलेली जमीन, पूर, हिवताप आणि बहुतांश शेतघरांत विजेचा पत्ता नाही. १८ मे १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी’, म्हणजेच टीव्हीए, स्थापन करणाऱ्या कायद्यावर सही केली. एका संपूर्ण नदीखोऱ्याचे नियोजन एकाच सरकारी संस्थेकडे देण्याचा हा प्रयोग जगभर गाजला. भारतातील दामोदर खोरे महामंडळ (१९४८) याच नमुन्यावर उभे राहिले.

टीव्हीएचे पहिले मोठे धरण म्हणजे नॉरिस. काम १९३३ मध्ये सुरू झाले आणि १९३६ मध्ये पुरे झाले.

११/
नॉरिसच्या पाण्यासाठी सुमारे तीन हजार कुटुंबांना घर सोडावे लागले. पाच हजारांहून अधिक कबरी उकरून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. जमीनमालकाला मोबदला मिळाला, पण वाट्याने किंवा भाड्याने जमीन कसणाऱ्याच्या हाती फारसे काही आले नाही.

पुढे ज्या शांत जलाशयाची छायाचित्रे पर्यटकांना भुरळ घालणार होती, त्याच्या तळाशी अंगणे होती. पूर्वी ओढ्यावर गळ टाकणाऱ्यांचा ओढाच बुडाला होता. त्याच्या जागी शेकडो मैलांचा नवा किनारा तयार झाला होता, आणि त्याचा बराचसा भाग आता सरकारी, म्हणजे निदान कागदावर तरी सर्वांचा होता.

१२/
नव्या पाण्यात मासा टिकेल का? अनेक तज्ज्ञांना भीती वाटत होती. पाण्याची पातळी सतत वरखाली होणार, गाळ साचणार, आणि काही वर्षांत जलाशय जीवसृष्टीच्या दृष्टीने वाळवंट होणार, असे बोलले जात होते.

या प्रश्नाचा छडा लावण्याचे काम टीव्हीएचे जीवशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. एशमायर यांच्याकडे आले. त्यांनी माशांना खुणेच्या पट्ट्या लावून सोडले, जाळी टाकून नमुने घेतले आणि गळ टाकणाऱ्यांच्या टोपल्या मोजल्या. हेच एशमायर पुढे मुलांसाठी माशांच्या गोष्टीही लिहीत.

१३/
निष्कर्ष प्रचलित समजुतीच्या उलट निघाले. जलाशयात मासे भरपूर होते. गळाला लागत होता तो त्यांतला अगदी थोडा हिस्सा, बाकीचे कुणाच्याही ताटात न जाता आयुष्य संपवून मरत होते. एकेक मादी हजारोंनी अंडी घालते, त्यामुळे पुढच्या पिढीची संख्या अंड्यांवर अवलंबून नव्हती. उपलब्ध अन्न आणि जागा यांनी ती ठरत होती.

मग वसंतातील बंदी कशासाठी? १९४४ मध्ये नॉरिस जलाशय प्रयोगादाखल वर्षभर मासेमारीसाठी खुला करण्यात आला. माशांचा दुष्काळ पडला नाही. नंतरच्या वर्षांत एकामागून एक राज्यांनी आपले नियम शिथिल केले. काठावर बसणाऱ्याला त्याचे सर्वांत चांगले आठवडे परत मिळाले ते कुणाच्या दयेने नव्हे, तर टोपल्या मोजणाऱ्या एका चिकाटीच्या अभ्यासाने.

१४/
येथे घाईने ‘बंद्या निरर्थक असतात’ असा धडा काढू नये. मोठ्या जलाशयात जे खरे ठरले ते प्रत्येक लहान तलावात किंवा समुद्रात खरे ठरेलच असे नाही. घरटे राखणारे मोठे नर सतत उचलले गेले तर ब्लूगिल खुजे होत जातात, हे पुढे दिसून आले, आणि म्हणूनच काही ठिकाणी आज संख्येची मर्यादा असते. धडा वेगळा आहे: नियम कितीही पवित्र वाटला तरी तो तपासता येतो, आणि तपासताना त्याचा भार कुणावर पडतो हेही पाहावे लागते.

१५/
त्याच सुमारास शेजारच्या अलाबामा राज्यात दुसरा प्रयोग चालू होता. ऑबर्न येथील कृषी संशोधक होमर स्विंगल यांनी शेततळ्यांचा अभ्यास हाती घेतला. तळ्यात नुसते ब्लूगिल सोडले तर ते बेसुमार वाढतात आणि अन्नाअभावी बोटाएवढेच राहतात. त्यांच्या जोडीला बास सोडला की तो पिल्ले खातो आणि उरलेले ब्लूगिल चांगले पोसतात. पाण्यात खत घातले की सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर किडे, किड्यांवर ब्लूगिल आणि ब्लूगिलवर बास.

१९४२ मध्ये स्विंगल आणि त्यांचे सहकारी ई. व्ही. स्मिथ यांची शेततळ्यांविषयीची पुस्तिका निघाली. मृदसंधारणाच्या सरकारी योजनांतून तळी खोदली जातच होती. एरवी मांस विकत घेणे ज्याला जड जाई, त्या शेतकऱ्याच्या बांधावरच मासा आला. अर्थात, ज्याच्याकडे बांध होता त्याच्या.

१६/
आता शीर्षकातला प्रश्न. ऋतू खुला झाला, पाणी मिळाले, मासा मुबलक झाला. पण काठ कुणाचा?

नॉरिस धरणाच्या कामगारांसाठी टीव्हीएने एक आदर्श नगर वसवले. त्यात कृष्णवर्णीय कुटुंबांना राहण्याची परवानगी नव्हती. १९३४ मध्ये कायदेतज्ज्ञ चार्ल्स ह्यूस्टन आणि जॉन डेव्हिस यांनी खोऱ्यात जाऊन पाहणी केली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘द क्रायसिस’ या नियतकालिकात त्यांनी या भेदभावावर सडकून टीका केली. नव्या युगाचा हा प्रकल्प जुन्या वर्णव्यवस्थेलाच काँक्रीटमध्ये बसवत आहे, असा त्यांच्या आरोपाचा आशय होता.

१७/
जलाशयांच्या काठी उद्याने झाली, तीही विभागलेलीच. चॅटनूगाजवळ चिकमॉगा जलाशयाच्या काठी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे उद्यान ठरले. त्याला बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव देण्यात आले. केंटकी धरण १९४४ मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा जलाशय क्रॅपीसाठी प्रसिद्ध झाला. तेथे १९५१ मध्ये ‘चेरोकी स्टेट पार्क’ उघडले, तेही केवळ कृष्णवर्णीयांसाठी. गोऱ्यांचे उद्यान जवळच होते.

कुटिरे, भोजनगृह, पाण्याचा काठ हे सारे त्या वेगळ्या उद्यानात होते. दूरदूरची कुटुंबे तेथे येत आणि त्या जागेविषयी त्यांच्या मनात माया निर्माण झाली. अन्यायातून तयार झालेल्या जागेवरही माणसे आनंदाचे दिवस घालवतात. इतिहास लिहिताना ही दोन्ही सत्ये एकाच वाक्यात मावावी लागतात.

पाण्याखाली मात्र कुंपण नव्हते. मासा एका काठावरून दुसऱ्या काठाकडे जाताना कुणाचा रंग विचारत नव्हता.

१८/
२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा मंजूर झाला आणि सार्वजनिक सुविधांमधील वर्णभेद बेकायदा ठरला. चेरोकीचे वेगळे अस्तित्व संपले आणि ते शेजारच्या केनलेक उद्यानात सामावले गेले. या कायद्याची आठवण काढताना आपल्यासमोर उपाहारगृहे, शाळा आणि बसगाड्या येतात. त्या यादीत एक लाकडी धक्काही हवा.

१९/
पैशाची बाजूही लक्षात घ्यावी. ऑगस्ट १९५० मध्ये डिंगेल-जॉन्सन कायदा झाला. गळ, काठ्या, चाके अशा साहित्यावरील संघीय कराचे उत्पन्न राज्यांना माशांच्या संवर्धनासाठी मिळू लागले. १९८४ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. गळ विकत घेणाऱ्याने दिलेल्या कराचा काही अंश माशांच्या आणि काठाच्या देखभालीसाठी परत येऊ लागला.

योगायोग असा की त्याच वर्षी, एप्रिल १९५० मध्ये, अलाबामातील केटोना येथे ४ पौंड १२ औंसांचा ब्लूगिल गळाला लागला. तो विश्वविक्रम मानला जातो. जागा कोणती? चुनखडीच्या जुन्या खाणीत साठलेले पाणी! आणि ऋतू अर्थातच वसंत.

२०/
शेवटचा टप्पा १९९० चा. अपंग नागरिकांच्या हक्कांच्या कायद्याने ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ आणखी रुंदावला. २०१० च्या मानकांत मासेमारीच्या धक्क्यांसाठी एक छोटी तरतूद आहे: कठडा असेल तर त्याचा किमान चौथा हिस्सा ३४ इंचांपेक्षा उंच नसावा. कारण? चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कठड्यावरून गळ टाकता आला पाहिजे.

मला हे ३४ इंच फार महत्त्वाचे वाटतात. समतेची मोठमोठी विधाने आपण संविधानांत वाचतो. ती खरी झाली की नाही हे पाहायचे असेल, तर कधी कधी कठड्याची उंची मोजावी लागते.

२१/
तर मित्रहो, पुन्हा त्या पहिल्या दृश्याकडे येऊ. डॉगवुड फुलले आहे. धक्क्याच्या टोकाशी कुणीतरी बसले आहे. ती एखादी कृष्णवर्णीय आजी असेल, सुट्टीला आलेला कामगार असेल, चाकाच्या खुर्चीतला मुलगा असेल. तिघेही शेजारी शेजारी असतील. बूच हलते, बुडते, काठी वाकते आणि तळहाताएवढा मासा उन्हात चमकतो.

त्या माशाखाली पाणी आहे, पाण्याखाली बुडालेली शेते आहेत आणि त्या शेतांखाली आणखी जुने प्रश्न आहेत. मासा निसर्गाने दिला, ऋतूही निसर्गाने दिला. काठावरची जागा मात्र माणसांनी माणसांपासून हिरावली होती आणि माणसांनीच ती परत मिळवली.

इतिहास नेहमी सिंहासनाजवळ सापडतो असे नाही. एखाद्या तलावाच्या काठी गळ टाकून बसलेला माणूस दिसला, तर क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: हा काठ कुणाचा, आणि येथे बसण्याची मुभा कुणाला नाही?

थ्रेड समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि आपापल्या गावच्या पाणवठ्यांच्या आठवणी खाली जरूर लिहा.